रिकामा फेरा

"ड्रम थांबवावा लागेल," असे म्हणून खासनीसांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "गाणं कमी आणि खडखड जास्त येतीये."

खळ्यावर जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. ड्रमच्या एका हँडलवर मी होतो, दुसऱ्या हँडलवर अनुसया होती आणि आम्हा दोघांच्या मध्ये दीड क्विंटल हळद जाळीच्या पिंपात गडगडत होती. ते गाणे त्या गडगडाटातच जन्मले होते. ड्रमवाचून ते गायचे म्हणजे कसे, हे आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हते.

ही गोष्ट सन एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मार्च महिन्यातील, एका सोमवारची, सकाळी दहाच्या सुमाराची आहे. स्थळ सांगली जिल्ह्यातील आमची आडगेवाडी, आणि वाडीतील जालिंदरचे खळे. त्या दिवशी जे गाणे त्या टेपवर गेले, ते आज महाराष्ट्रात हळदीच्या प्रत्येक मांडवात वाजते. त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या याची मोजदाद कोणी ठेवली असल्यास ती मीच ठेवली आहे. माझ्या पत्र्याच्या पेटीत त्या गाण्याच्या एकवीस कॅसेटी व सीड्या आहेत. मी सातवी उत्तीर्ण असून पुढे तीस वर्षे आमच्या सार्वजनिक वाचनालयात नोकरीस होतो. यास्तव जे लिहितो ते शक्य तितके शुद्ध व क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करतो.

ज्यांनी हळदीचे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी प्रथम ड्रमविषयी सांगणे अवश्य आहे. काढलेली हळद शिजवून वाळवली की तिच्यावर काळपट साल राहते. ती निघावी म्हणून हळद जाळीच्या ड्रममध्ये भरून फिरवतात. आता हे काम मोटार करते. तेव्हा दोन माणसे करीत. ड्रमच्या दोन टोकांना दोन हँडले असत आणि ती एकमेकांस उलट बसवलेली असत. एकाचे वर आले की दुसऱ्याचे खाली जाई. खाली वाकलेल्या माणसाच्या अंगात दम उरत नसे. वर आलेल्याच्या असे. म्हणून गाणेही तसेच वाटलेले होते. एकाने ओळ म्हणत यायचे, शेवटच्या शब्दाशी तो खाली वाकला की समोरच्याने अर्ध्या फेऱ्यात उत्तर द्यायचे.

ओळ अशी होती:

वाट झाली पिवळी, पानी पिवळं झालं,
मला न्यायाला गं दारी कोन आलं?

आणि उत्तर एवढेच:

मी गं, मी.

अर्ध्या फेऱ्यात तीनच शब्द मावत असत. समोर बाई असो, बुवा असो, म्हातारे असो, उत्तर हेच. त्यात कोणी काही वावगे पाहत नसे, कारण ते ड्रमचे बोलणे मानले जाई. परंतु ड्रम थांबला की गाणेही थांबले पाहिजे, असा दंडक होता. पुरुषमाणसाने ते उत्तर ड्रमबाहेर उच्चारले तर त्याचा अर्थ निराळा होई. पूर्वी एका गड्याने पाणवठ्यावर थट्टेने एका बाईला 'मी गं, मी' म्हटले, तर पंचांनी चार दिवसांत त्याला तिच्याशी पाट लावावयास भाग पाडले, असे आमच्या खळ्यावर राबणारी गोदाक्का सांगत असे. आमच्याकडे बाईच्या दुसऱ्या लग्नास पाट म्हणतात. गोदाक्का पुढे हेही सांगे की तो गडी म्हणजे तिचाच नवरा, आणि पाणवठ्यावर ती मुद्दाम उशिरा गेली होती.

आता अनुसयेविषयी. ती जालिंदरची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली, तेव्हा वीस वर्षांची अनुसया आपली पेटी स्वतःच डोक्यावर घेऊन माहेरी चालत आली. त्यास चार वर्षे झाली होती. काडीमोड रीतसर झालेला होता. ती भावाच्या घरात राही, भावाच्या खळ्यावर राबे, आणि कोणी कीव केली की त्याच्याकडे अशी पाही की पुन्हा तो मनुष्य कीव करीत नसे.

मी जालिंदरकडे हंगामी गडी होतो. मला वडील नव्हते, जमीन अर्धा एकर होती आणि वाचनाचा नाद होता. जेवणाच्या सुट्टीत मी वाचनालयातील कादंबरी उघडून बसत असे, त्यामुळे खळ्यावरच्या बायका मला मास्तर म्हणत. गोदाक्का म्हणे, "मास्तर, त्या पुस्तकातल्या बाया हळद घोळत्यात का नुसत्याच रडत्यात?" अनुसया हसत नसे. ती विचारी, आज कुठवर आलं? मग मी तिला झालेला भाग सांगे, आणि ती हँडल फिरवता फिरवता मध्येच एखादा असा प्रश्न करी की त्या कादंबरीकारास तो सुचला असता तर पुस्तक निम्म्यात संपले असते. इतकी अडचण होती तर त्या दोघांनी सरळ बोलून का घेतलं न्हाई, हा तिचा नेहमीचा प्रश्न.

दोन हंगाम आम्ही समोरासमोर ड्रम फिरवला. दिवसाला दोनतीनशे वेळा ती मला विचारीत असे की दारी कोण आले, आणि दोनतीनशे वेळा मी सांगत असे की मी. सायंकाळी अंगावरची पिवळी धूळ धुऊन आम्ही आपापल्या घरी जात असू. याहून अधिक आमच्यात काही घडले नाही, आणि याहून अधिक कोणाच्या आयुष्यात काय घडते ते मला माहीत नाही.

त्या हंगामाच्या अखेरीस अथणीकडचे एक स्थळ तिच्यासाठी आले. बिजवर होता, वय चाळीस, तीन मुले. मनुष्य वाईट नव्हता असे सर्वजण म्हणत. जालिंदर मंगळवारी त्यांना शब्द देणार होता. आदल्या रविवारी सकाळी हळद चाळताना अनुसया मला हळूच म्हणाली,

"उद्या त्यो पुन्याचा मानूस गानं टेप करायला येनार हाय. आपलं गानं."

मला ते ठाऊक होते. खासनीस नावाचे गृहस्थ गावोगाव फिरून कामाची गाणी गोळा करीत होते, आणि वाचनालयात त्यांनी चौकशी केली तेव्हा मीच त्यांना आमच्या खळ्याचा पत्ता दिला होता.

"दादानं वाडीतली जानती मानसं बी बोलावल्यात," ती म्हणाली. "समदी असतील. दादाला माज्या तोंडानं मी सांगू शकत न्हाई. तुज्याकडनं मागनी घालायला कोन वडीलधारं न्हाई. मंग ऱ्हातंय काय?"

मी चाळणीत आणखी हळद ओतली.

"गानं ऱ्हातंय. मी इच्यारीन, तू सांग. रोज सांगतुयास त्येच. फकस्त उद्या मनापासनं म्हन आन् दादाकडं बघून म्हन. काय समजायचं त्ये समजतील."

मी म्हणालो, "आणि ते चिडले तर?"

"चिडू देत की. तुला काय हान्नार हायती? पर मी एकदाच इच्यारनार बग, हनमंता. उद्याच."

नंतर तिने चाळणी झटकली आणि गोदाक्काला मोठ्याने काहीतरी विचारून ती तिकडे निघून गेली. त्या दुपारी मी कामावर गेलो नाही. वाचनालयाच्या पायरीवर दिवस मावळेपर्यंत बसून होतो.

सोमवारी सकाळी खळ्यावर सतरंजी अंथरली होती. जालिंदर नवे धोतर नेसून आला होता. त्याच्याबरोबर वाडीतील पाच वयस्क मंडळी होती आणि त्याच्या हातात नारळ होता. गोदाक्का म्हणाली, "यंत्राची पूजा करतूस का काय रं?" त्यावर जालिंदर म्हणाला, "चांगलं काम हाय, नारळ असावा." त्याने तो नारळ सतरंजीच्या कोपऱ्यात ठेवला आणि तो माझ्याकडे न पाहता त्या पाच पंचांच्या शेजारी जाऊन बसला.

त्यानंतर ड्रम सुरू झाला आणि खासनीसांनी तो थांबवावयास सांगितला, तो प्रसंग मी आरंभी लिहिलाच आहे.

ड्रम थांबताच खळ्यावर इतकी शांतता झाली की शेजारच्या आंब्यावर कावळा पंजा बदलीत होता तेही ऐकू आले. गोदाक्का म्हणाली, ड्रम न्हाई तर गानं न्हाई, तसली रीत न्हाई आमच्यात. खासनीस नम्रपणे म्हणाले की रीत मोडावयाची नाही, फक्त आवाज नीट यावा. सर्वांनी जालिंदरकडे पाहिले. जालिंदर क्षणभर विचार करून म्हणाला, "म्हना. थांबल्या ड्रमावर म्हना. काय हुतंय त्ये बघू."

मला त्या वेळी त्याच्या बोलण्याचे नवल वाटले, तथापि त्याचा अर्थ कळला नाही.

अनुसया हँडलजवळ तशीच उभी राहिली. मी माझ्या हँडलजवळ. खासनीसांनी आमच्या मध्ये, ड्रमच्या पाठीवर, मायक्रोफोन ठेवला आणि बोटाने खूण केली. अनुसयेने हँडल सोडून दिले होते. परंतु तिचा उजवा हात हवेतल्या हवेत फिरू लागला, जणू ड्रम चालूच आहे. त्या हाताच्या तालावर तिने ओळ धरली. तिचा आवाज गोड नव्हता. उन्हात वाळत घातलेल्या वस्तूंना येतो तसा एक करकरीतपणा त्यास होता.

वाट झाली पिवळी, पानी पिवळं झालं,
मला न्यायाला गं दारी कोन आलं?

शेवटच्या शब्दाशी तिचा हात खाली गेला आणि तिने माझ्याकडे पाहिले.

मी काही बोललो नाही.

तिचा हात वर आला. अर्धा फेरा संपला होता. तरी तिने पुढची ओळ धरली नाही. हात पुन्हा खाली गेला आणि पुन्हा वर आला. एक संपूर्ण रिकामा फेरा तिने माझ्यासाठी फिरवला. मग तिने माझ्यावरची दृष्टी काढली आणि ती पुढे गाऊ लागली,

हात झालं पिवळं, पदर पिवळा झाला,
मला न्यायाला गं दारी कोन आला?

या वेळी ती थांबली नाही. या आणि पुढच्या साऱ्या ओळी तिने सलग, एकटीने म्हटल्या, आणि गाणे संपवून पदराने तोंड पुसले.

खासनीस अतिशय आनंदित झाले होते. त्यांनी टेप मागे घेऊन थोडी ऐकली आणि म्हणाले, "फारच सुंदर. पण पहिल्या कडव्यानंतर एक जागा रिकामी गेली आहे. इथे यांचं उत्तर यायचं होतं ना? पुन्हा एकदा घेऊ या."

मी पुढे झालो. खरोखरच मी एक पाऊल पुढे टाकले होते.

"नगं," अनुसया म्हणाली. "इच्यारून झालं. हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

जालिंदर उठला. त्याने नारळ उचलला, तो तसाच न फोडता काखेत धरला आणि तो घराकडे चालता झाला. पाच मंडळी चहासुद्धा न घेता उठली. काय घडले याची ज्याला काहीच कल्पना नव्हती असा तेथे एकच मनुष्य होता, तो म्हणजे खासनीस; ते वायर गुंडाळीत मला विचारीत होते की हळद शिजवताना काही निराळी गाणी म्हणतात काय.

दुसऱ्या दिवशी अथणीला शब्द गेला. हंगामाचे उरलेले नऊ दिवस माझ्यासमोर गोदाक्का होती. ती गायली नाही. फक्त एकदा म्हणाली, "मास्तर, एवढी पुस्तकं वाचलीस, तीन शब्द न्हाई आलं व्हय रं?" वैशाखात अनुसया गेली.

येथून त्या गाण्याचा इतिहास सुरू होतो, आणि तो मला तोंडपाठ आहे.

पहिल्यांदा खासनीसांची टेप रेडिओवर लागली. ती ऐकून पुण्याच्या एका कॅसेट कंपनीने तेच गाणे एका ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाईंकडून ढोलकी व कीबोर्डसह गाऊन घेतले. त्या बाईंना हे ड्रमचे गाणे आहे हे कोणी सांगितले नसावे. हळद, दार, न्यायला येणे, यावरून त्यांनी ते लग्नाचे मानले. तथापि त्या प्रामाणिक गायिका होत्या. टेपमध्ये होते ते त्यांनी हुबेहूब उचलले. 'कोन आलं' नंतरचा एक पूर्ण रिकामा फेरा त्यांनी ठेवला, आणि त्या फेऱ्याच्या अखेरीस टेपमध्ये एक दीर्घ श्वास ऐकू येतो, तोही त्यांनी घेतला.

हा श्वास म्हणजेच पुढे त्या गाण्याची ओळख ठरली. वाद्ये थांबतात, सर्व निःशब्द होते, आणि कोणीतरी छाती भरून श्वास घेते. मग ढोलकी कोसळते. ती कॅसेट एवढी खपली की बँडवाल्यांनी गाणे उचलले. त्या जागी ते झांज वाजवीत. नंतर एका डीजेने तेथे घोड्याचे खिंकाळणे घातले, कारण नवरदेव घोड्यावरून येतो. कोल्हापूरच्या कॉलेजातील मुलांनी गिटारवर केले, त्यात तो श्वास तीनदा येतो. टीव्हीच्या स्पर्धेत नऊ वर्षांच्या एका मुलीने ते गायले तेव्हा परीक्षक म्हणाले की एवढ्या लहान वयात त्या श्वासाचा अर्थ हिला कसा उमगला. एका विद्वानांनी मुलाखतीत सांगितले की तो माहेर सोडणाऱ्या मुलीचा दाबलेला हुंदका आहे. आता मोबाईलवर मुली त्या जागी ओठांवर बोट ठेवतात. आणि मांडवात तर अशी चालच पडली आहे की 'कोन आलं' म्हटले की जमलेल्या सर्वांनी नवरदेवाचे नाव ओरडायचे.

एकवीस आवृत्त्यांत त्या जागी एकवीस गोष्टी आहेत. मी प्रत्येक नवी आवृत्ती मिळवून त्या जागेपर्यंत ऐकत असे आणि बंद करीत असे. माझे लग्न दोन वर्षांनी झाले. मुक्ता समंजस बाई होती. तिच्याविषयी माझी तक्रार नाही आणि तिने माझ्याविषयी केली नाही. फक्त हे गाणे लागले की ती आत जाऊन भांडी घाशी. सहा वर्षांपूर्वी ती वारली.

गेल्या वर्षी मे महिन्यात जालिंदरच्या नातवाचे लग्न निघाले. हळदीच्या दिवशी सकाळीच जालिंदरने मला बोलावणे पाठवले. तो आता बहात्तर वर्षांचा आहे, डोळ्यांनी अधू आहे. जेथे पूर्वी खळे होते तेथे मांडव घातला होता. जालिंदर खुर्चीत बसला होता. मला शेजारी बसवून घेऊन तो म्हणाला,

"अनुसा आलीया. नवरा गेला तिचा गेल्या साली. तिन्ही पोरांची लग्नं लावून दिली तिनं, आपली न्हवती तरी." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला एक इच्यारू का रं? लई वर्सं झाली, आता राग न्हाई."

मी म्हणालो, विचारा.

"त्या दिशी मी पाच मानसं कशाला बोलावली हुती? नारळ कशाला आनला हुता? यंत्राच्या पूजेला?"

मी खळ्याच्या जागेवरच्या मांडवाकडे पाहिले.

"बहिनीचं मन भावाला कळत न्हाई व्हय? दोन वर्सं तुमी ड्रम फिरवत हुता, मी काय आंधळा हुतो तवा? माजा मीच तुज्याकडं आलो असतो तर पोरीकडच्यानं हात पसरल्यागत झालं असतं. म्हनलं, तू एकदा बोल, तिथंच पाट लावून मोकळं हुऊ. ड्रम थांबवला तवा मला बरंच वाटलं. म्हनलं आता तर याचं बोलनं पक्कं. आन् तू उभा ऱ्हायलास खांबागत." त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एवढा भीत हुतास व्हय मला?"

मी म्हणालो, "होय. भीत होतो."

हे मी खोटे बोललो. सदतीस वर्षे सारी वाडी असेच समजत आली आहे आणि मी तसे समजू दिले आहे, कारण भित्रा म्हणवून घेणे त्या मानाने सोपे होते. खरे काय ते प्रथमच येथे लिहीत आहे.

मी जालिंदरला भीत नव्हतो. आदल्या रात्री मी ठरवले होते की बोलायचेच. परंतु 'मी गं, मी' हे शब्द मला उणे वाटले. पुण्याचा विद्वान मनुष्य येणार, यंत्रावर आवाज कायमचा राहणार, वाडीतील पाच मंडळी ऐकणार, आणि अशा आयुष्याच्या प्रसंगी मी, ज्याने वाचनालयातील दोन कपाटे वाचली होती, गड्यासारखे 'मी गं, मी' म्हणणार? रविवारी दुपारभर पायरीवर बसून मी एक उत्तर रचले होते. ते कागदावर लिहून, पाठ करून, सदऱ्याच्या खिशात ठेवले होते. 'मीच तुझा सांगाती, सखये, आलो जन्मांतरीची वाट चालुनी तुझिया द्वारी.' मला ते त्या वेळी फार सुंदर वाटले होते. ड्रम थांबला तेव्हा मला तर आनंदच झाला, की आता अर्ध्या फेऱ्याची अडचण राहिली नाही.

अनुसयेने विचारले, आणि तिचा हात खाली गेला. एवढी लांब ओळ म्हणावयास लांब श्वास पाहिजे, म्हणून मी थांबलो आणि छाती भरून श्वास घेऊ लागलो. तो पुरता भरेपर्यंत तिचा फेरा संपला होता.

टेपवरचा तो श्वास माझा आहे. हुंदका नाही, माहेर नाही, काही नाही. महाराष्ट्रातील लहानथोर गायिका पस्तीस वर्षे जो श्वास घेत आहेत, तो एका मनुष्याने भलत्याच वाक्यासाठी घेतलेला श्वास आहे.

जालिंदरजवळून उठून मी मांडवात गेलो. अनुसया खांबाला टेकून चटईवर बसली होती आणि वाट्यांत हळद कालवून बायकांच्या हाती देत होती. केस पांढरे झाले होते. हात मात्र तेच होते, मनगटापर्यंत पिवळे. तिने मला पाहिले आणि ओळखले. मग पुढची वाटी उचलली. मी समोरच्या खांबाशी उभा राहिलो. आमच्यामध्ये साधारण एका ड्रमच्या लांबीइतके अंतर होते.

इतक्यात डीजेवाल्याने ते गाणे लावले. कोणती आवृत्ती ते मी पहिल्या ठोक्याला ओळखले, घोड्याची होती. तरणी मुले मध्ये येऊन नाचू लागली. अनुसया मान खाली घालून हळद कालवीत होती. मग मला दिसले की वाटीतील तिचा हात हळदीसाठी फिरत नव्हता. वाटी तिने केव्हाच खाली ठेवली होती. उजवा हात मांडीवर, लहानसा, गोल फिरत होता.

कोन आलं, असे त्या यंत्रातून आले आणि सर्व वाद्ये थांबली. सगळ्या मांडवाने नवरदेवाचे नाव ओरडले, ओमकार, ओमकार. घोडा खिंकाळला. अनुसयेचा हात खाली गेलेला होता.

"मी गं, मी," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो नाही. श्वासही घेतला नाही. माझ्या शेजारच्या माणसालाही ते ऐकू गेले नसावे, कारण तो शिट्टी वाजवीत होता.

तिचा हात तळाशी क्षणभर थांबला. मग तो वर आला, आणि पुढची ओळ सुरू झाली तेव्हा तिचे ओठ हलत होते.

गाणे संपल्यावर मी निघालो. बाहेर जाण्याची वाट तिच्या चटईवरूनच होती. मी जवळून जात असता तिने एक वाटी उचलून, कोणातरी बाईला द्यावी तशी, माझ्यापुढे धरली आणि वर न पाहता म्हणाली,

"आवाज बारीक झालाय तुजा, हनमंता."